शेवटाकडून वाचणारी

मी पुस्तकं शेवटाकडून वाचते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाईला खुन्याचं नाव आधी हवं असतं. खुन्याशी मला काही देणंघेणं नाही. मी मुद्रितशोधक आहे. पुढून वाचायला लागलं की माणूस गोष्टीत अडकतो आणि गोष्टीत अडकलेल्या माणसाला स्वल्पविराम दिसत नाही. म्हणून शेवटचं पान आधी, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत पहिल्या पानावर यायचं. लुब्लिनमधल्या एकाच प्रकाशनात चौतीस वर्षं मी हेच करते आहे, आणि चौतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली म्हणून कुणाचं पत्र आलेलं नाही. हे मी प्रत्येकाला सांगते. विचारलं नसलं तरी सांगते.

मुद्रितशोधक म्हणाले मी, शोधिका नाही. आमच्याकडे जाहिरातीचं बघणारी मार्तिना नावाची एक पोरगी आहे. ती दर पुस्तकाच्या श्रेयपानावर माझ्या नावापुढे 'मुद्रितशोधिका' असं घालते आणि मी दर वेळी ती शेपटी छाटते. आमच्या पिढीत जी बाई कुणीतरी झाली ती संपादक झाली, संचालक झाली, प्राध्यापक झाली. शेपटी लागायची ती धोबिणीला आणि शिंपिणीला.

"रेगिनाबाई, तुम्हाला बाई असल्याची लाज वाटते का हो?" मार्तिनाने एकदा विचारलं.

"मला तुझ्या व्याकरणाची लाज वाटते," मी म्हटलं.

आमचे मालक तिमोन सोबचुक. त्यांच्या वडिलांनी मधमाश्या, फळबागा आणि लोणची यांवरची पुस्तकं काढून हे प्रकाशन उभं केलं. ती पुस्तकं निदान कुणाच्या तरी कामाची होती. मुलाने सात वर्षांपूर्वी कुठल्याशा पुस्तक जत्रेत पाहिलं की तेरा-चौदा वर्षांच्या मुली जग बुडाल्याच्या कादंबऱ्यांसाठी रांगा लावतात, आणि परत येताना गाडीतच 'उद्याच्या मुली' या मालेचं नाव ठरवून आला. बायकांनी लिहिलेल्या, मुलींच्या आणि उद्याच्या भयाण जगाच्या कादंबऱ्या. साहेब त्याला 'डिस्टोपिया' म्हणतात आणि म्हणताना ओठांचा चंबू करतात. मालेतलं एकही पुस्तक त्यांनी तिसऱ्या प्रकरणापलीकडे वाचलेलं नाही.

मी सगळी वाचली आहेत, एकोणीसच्या एकोणीस, आणि तीही उलटी. उलटं वाचलं तरी काही बिघडत नाही अशी ती पुस्तकं. एक भिंत असते. भिंतीच्या आत सगळ्यांना करडे कपडे आणि मनगटावर आकडा. चाळिसाव्या पानाच्या आत मुलगी स्वयंपाकघरातल्या सुरीने आपले केस कापते. दोन मुलगे असतात, एक शांत आणि एक तापट, आणि जग जळत असताना तिला प्रश्न पडलेला असतो तो या दोघांचा. राज्य चालवणारी बाई पांढऱ्या कोटात असते आणि तिचे हात नेहमी थंड असतात. बाकी सगळे भुकेले, पण कुणाचा एक दात पडलेला नसतो. यातल्या एकाही लेखिकेने उपास काढलेला नाही हे पहिल्या पानावर, म्हणजे माझ्या शेवटच्या पानावर, कळून चुकतं.

यातल्याच एका पुस्तकाने मला माझी आवडती गोष्ट दिली होती. एका नामांकित अनुवादकाने, नाव सांगत नाही, अजून जिवंत आहेत, इंग्रजीतून एक कादंबरी करून दिली. इंग्रजीत 'मी' हा शब्द लुंगीही नेसत नाही आणि लुगडंही नाही. पहिल्या पानावर कुणीतरी सशाचं कातडं सोलतं आणि घोडा माणसाळवतं. अनुवादकांच्या मनात शंकाच आली नाही. एकसष्ट पानं तो 'मी' आपला 'धावलो, चढलो, झोपलो' करत राहिला. बासष्टाव्या पानावर कुणीतरी त्याला 'पोरी' म्हणून हाक मारली, तेव्हा अनुवादक जागे झाले आणि त्या ओळीपासून पुढे 'धावले, चढले, झोपले'. मागे जाऊन दुरुस्त करण्याचे कष्ट कोण घेतो. ती एकसष्ट पानं मी एका दिवसात सरळ केली. तेव्हापासून कचेरीत कुणाचाही नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, असला, खसखशीचा केक कापला गेला, की कुणीतरी म्हणतं, "रेगिनाबाई, ती एकसष्ट पानांची गोष्ट सांगा." आणि मी सांगते. दर वेळी अनुवादक थोडे अधिक मूर्ख होतात.

कलिना ओस्ताश आमच्याकडे आली ती गेल्या मे महिन्यात. वय बावीस, गाव खेल्म, नोकरी टपाल कचेरीत. मालेतली पहिलीच लेखिका जी आमच्या भाषेत लिहिणारी होती. साहेब हरखून गेले होते, कारण अनुवादकाचा खर्च नाही. तिने मात्र आल्या आल्या साहेबांना सांगितलं की तिला एकच गोष्ट हवी आहे. शहर वाचनालयात मुलींचा एक शुक्रवारचा गट आहे. तो दर नोव्हेंबरात बायकांनी लिहिलेल्या, मुलींवरच्या अशा कादंबऱ्यांमधून आवडत्या दहांची यादी करतो आणि ती वर्षभर वाचनालयाच्या दारावर लावतात. पंधरा वर्षांची असताना कलिना दर शुक्रवारी खेल्महून बसने त्या गटाला यायची.

"त्या यादीत कधीच आपल्याकडची कुणी नसते," ती म्हणाली. "दहाच्या दहा परक्या. मला एकदा त्या दारावर यायचंय. बाकी खपलं काय, नाही खपलं काय."

साहेबांनी 'नाही खपलं' हे न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र हसू आलं. एखाद्या बाईची महत्त्वाकांक्षा वाचनालयाच्या दाराएवढी असावी.

जाता जाता ती माझ्या टेबलापाशी थांबली. "तुम्ही मुद्रितशोधिका ना?"

"मुद्रितशोधक."

ती हसली. उद्धटपणे नाही, पण हसली. "म्हणजे तुमच्याकडे ते आधीच लागू झालंय."

"काय लागू झालंय?"

"वाचाल तेव्हा कळेल."

बावीस वर्षांच्या पोरीने मला असं काही सांगावं, हे माझ्या डोक्यात गेलं. कादंबरीचं नाव होतं 'एकच शेवट'. या सगळ्या पुस्तकांचा एकच असतो, मी मनात म्हटलं आणि गठ्ठा कपाटात टाकला.

ऑक्टोबरात तो गठ्ठा बाहेर निघाला. कलिनाने आपली मुद्रितं तपासून दुरुस्त फाइल परत पाठवली होती. आता माझा हात फिरला की फाइल छापखान्यात. एरवी माझ्या हातानंतर पुस्तक पुन्हा एकदा लेखकाकडे जातं, पण क्राकोव्हची पुस्तक जत्रा तोंडावर आली होती.

"रेगिनाबाईंच्या हातून गेलं म्हणजे गेलं," साहेब म्हणाले. "तिला परत कशाला दाखवायचं? लेखकांना दाखवलं की ते बदलत बसतात."

त्यांचं हे वाक्य मला गोड लागलं, हे मी लपवत नाही.

मी नेहमीप्रमाणे शेवटचं पान घेतलं. वेरा नावाची मुलगी काळोखात नदी पोहून पलीकडे येते, एका झोपडीचं दार ठोठावते. आतून आवाज येतो, "कोण?" आणि ती म्हणते, "मी आले." पुस्तक संपतं. वाक्यात चूक नव्हती. मी पुढे, म्हणजे मागे, सरकले.

अलीकडच्या पानावर वेरा म्हणत होती, 'मी पाण्यात उतरलो.' मी थांबले. त्याच्या अलीकडे, 'मी घाबरलो होतो.' त्याच्याही अलीकडे, 'मी आईशेजारी बसलो.' आणि ही आई स्वतः, दोन पोरांची आई, म्हणत होती, 'मी थकलो रे देवा.'

मला आनंद झाला. खराखुरा आनंद, पोटातून. मला वाटलं, सापडली. बाईसाहेबांनी पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि यंत्राकडून आपल्या भाषेत करून घेतलं. आजकालची पोरं करतात तसं; वाचतात इंग्रजी, भांडतात इंग्रजीत, लिहितात इंग्रजीत. आणि यंत्राला 'मी' म्हटलं की मिशाच दिसतात. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत बाईसाहेबांना एकदाचं व्याकरण आठवलं, तेवढं एक क्रियापद हाताने सरळ केलं आणि दिली फाइल पाठवून. म्हणे 'वाचाल तेव्हा कळेल'. कळलं की.

कुणाला काही बोलले नाही. पुढच्या नामदिवसासाठी ठेवून दिलं. एकसष्ट पानांची गोष्ट आता जुनी झाली होती. दोन दिवस मी मान वर केली नाही. उतरलो, उतरले. घाबरलो, घाबरले. बसलो, बसले. शोधून एकदम बदलणं मला पटत नाही, कारण पुस्तकात खरे पुरुषही होते, त्यांच्या तोंडचं तसंच राहायला हवं. एकेक वाक्य पाहून बदललं. दर बदलाला टाचणीने कागदावर एक भोक टोचत होते. अकराशे सत्तावीस क्रियापदं. वाटेत खरे टंकदोषही निघाले, साठेक. तेही काढले.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी अकराव्या पानावर पोचले. तिथे चौकातल्या भिंतीवर एक फलक होता. वेरा सहा वर्षांची आहे आणि आईचा हात धरून तो वाचते आहे.

'आजपासून प्रत्येक नागरिक स्वतःविषयी बोलताना क्रियापदाला एकच शेवट लावील. मी आलो. मी गेलो. मी होतो. दुसरा शेवट उच्चारणारी जीभ राष्ट्राची नाही.'

खाली, घरी परतल्यावर, आई तिला दारामागे उभी करून घोकून घेते. आलो, गेलो, होतो. पोर एकदा चुकून 'आले' म्हणते आणि आई तिच्या तोंडावर हात दाबते.

कळलं का मला? कळलं. खोटं कशाला सांगू. तिथल्या तिथे कळलं, एका क्षणात. दोनशे चाळीस पानं ही मुलगी स्वतःला 'गेलो' म्हणत जगते, तिची आई तसंच म्हणत मरते, आणि शेवटच्या पानावर, शेवटच्या शब्दात, ती पहिल्यांदा जाणूनबुजून म्हणते, 'मी आले.' पुस्तक त्या एका शब्दासाठी होतं. बाकीच्या अकराशे सत्तावीस शब्दांनी तो एक शब्द धरून ठेवला होता, आणि मी ते सगळे काढून टाकले होते.

फाइल एक वाजता जायची होती. तिची मूळ फाइल साहेबांच्या संगणकावर होती. मला उठून समोरच्या खोलीत जायचं होतं, पंधरा पावलं, आणि म्हणायचं होतं, माझी नको, तिचीच पाठवा. साठ टंकदोष राहिले असते. माझ्या नावाखाली साठ टंकदोष, आणि ते पाहून साहेबांच्या तोंडावर येणारं हसू. ते त्या वेळी टेबलाशी बसून कांदा-खसखस लावलेला त्सेबुलाश पाव खात होते, आणि काचेतून मला त्यांच्या हनुवटीला चिकटलेली खसखस दिसत होती.

मी बसून राहिले. मनाला सांगितलं, वाचणार कोण, चौदा वर्षांच्या पोरी. त्यांना शेवट कळतो तो फक्त वेरा कुणाच्या गळ्यात पडली एवढाच. सांगितलं, असल्या पुस्तकाला एवढा बारकावा लागतोच कशाला. सांगितलं, तिने आधी कळवायला हवं होतं, एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं. उरलेल्या दहा पानांतले स्वल्पविराम पाहिले आणि एक वाजायला पाच मिनिटं असताना फाइल पाठवली. श्रेयपानावरची शेपटी छाटायला विसरले नाही.

पोरी वाचतात, हे मला पुस्तक बाजारात आल्यावर दोन आठवड्यांत समजलं. मार्तिना संगणकावरचे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवायची. 'नियम भारी आहे, पण लेखिका तो अकराव्या पानावर सांगते आणि बाराव्या पानावर विसरते.' 'सगळ्याजणी बिनधास्त आले-गेले करतात, कुणाला पकडत नाहीत, मग बंदी कसली?' 'शेवट फुसका. ती म्हणते मी आले. बरं, मग?'

"ही कलिना चक्रम आहे का हो?" मार्तिना म्हणाली. "आपलाच नियम आपणच विसरायचा?"

मी चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

कलिनाने साहेबांना फोन केला. साहेब फोनवर बोलताना खिडकीशी उभे राहून खालून जाणाऱ्या ट्रॉलीबस मोजतात. कामाचं काही ऐकत नसले की मोजतात. "फाइलमध्ये काहीतरी गडबड झाली असेल," ते म्हणाले. "तुमच्याकडून कुठली आली होती बघा. जुनी तर नाही पाठवलीत?" ठेवल्यावर मला म्हणाले, "लेखक म्हणजे ना, रेगिनाबाई. स्वतःचा पसारा स्वतःला सापडत नाही."

"हो," मी म्हटलं.

वाचनालयाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आम्हा सगळ्यांना होतं. नोव्हेंबरातला शुक्रवार, दुपारचे चार, बाहेर बर्फ आणि पाऊस यांच्यामधलं काहीतरी पडत होतं. साहेबांना सर्दी झाली होती, म्हणजे यायचं नव्हतं. मला म्हणाले, तुम्ही जा, कुणीतरी दिसायला हवं. मुलांच्या विभागात तीसेक मुली खुर्च्यांवर पाय घेऊन बसल्या होत्या. निम्म्याजणींचे केस स्वतः कापल्यासारखे दिसत होते. यूलिता नावाच्या ग्रंथपाल बाईंनी सफरचंदाचा केक आणि बरणीभर काढा ठेवला होता. फळ्यावर यादी होती. नऊ नावं, नवाच्या नऊ परकी. दहाव्या आकड्यापुढे काही नव्हतं.

"दहाव्या जागेवर मुलींचं एकमत होईना," यूलिताबाईंनी मला हळूच सांगितलं. "निम्म्याजणी म्हणतात आपली कलिना आहे, घ्या. निम्म्याजणी म्हणतात, आपली आहे म्हणून फुसकं पुस्तक कसं घ्यायचं? मी म्हटलं तिला ऐका, मग मतं द्या."

मी तिसऱ्या रांगेत केक घेऊन बसले. कलिना समोर उभी होती. तिने नवा सदरा घातला होता आणि त्याच्या कॉलरला अजून दुकानातली टाचणी होती.

पहिल्या रांगेत नेला नावाची तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती, दातांवर तारा, मांडीवर पुस्तक, पुस्तकात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. तिने हात वर केला, पण परवानगीची वाट पाहिली नाही.

"कलिनाताई, मला एक विचारायचंय. राग मानू नका. अकराव्या पानावर बंदी येते. मग बाराव्यावर वेरा म्हणते मी शाळेत गेले. पंधराव्यावर मी पडले. मी सगळे मोजायला घेतले, पण शेवटी कंटाळले. तुम्ही विसरलात का?"

काही मुली हसल्या. कलिना हसली नाही.

"विसरले नाही," ती म्हणाली. "म्हणजे... असं झालं. पहिल्या खर्ड्यात मी सगळं साधंच लिहिलं होतं. आले, गेले. मग बंदीची कल्पना सुचली. टपालातून सुटले की रोज बसायचे आणि एकेक बदलायचे. मागचा सगळा हिवाळा त्यात गेला. बदलताना तोंडाने म्हणून बघायचे. आईला वाटलं मला वेड लागलं. घरात मी कधीकधी चुकून 'जेवलो' म्हणायचे." आता एक-दोघी हसल्या, पण वेगळ्या. "आणि मग मुद्रितं परत पाठवताना मी बहुतेक प्रकाशकांना पहिला खर्डाच पाठवला. मला आठवत नाही तसं केल्याचं. पण झालंय तसं. मी चुकले. तुम्ही पुस्तक घेतलंत, वाचलंत, आणि मी तुम्हाला भलतंच काहीतरी दिलं. यादीत नाही घेतलंत तरी चालेल. बरोबरच आहे."

ती एवढंच बोलली. हिवाळाभराचं काम मी दोन दिवसांत पुसून टाकलं होतं, आणि चुकले म्हणत होती ती.

माझ्या तोंडात केकचा घास होता. मी त्या खोलीत निवांत बसून राहू शकले असते. कुणाला काही माहीत नव्हतं, कळणारही नव्हतं. साहेबांना स्वतःच्या संगणकात फाइल उघडता येत नाही. मार्तिनाला मी कामं कशी करते ते ठाऊक नाही. चौतीस वर्षं तशीच अखंड राहिली असती. आयुष्यभर मी लोकांकडे पाहून नाक मुरडत आले. मालक, अनुवादक, पोरीटोरी, पांढऱ्या कोटातल्या थंड हातांच्या बाया. आणि त्या कोटातल्या बाईचं कामही राज्याने न सांगता, फुकटात, मीच केलं होतं. तेही उलट्या दिशेने. स्वतःची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

मी उभी राहिले. खुर्ची करकरली आणि तीस डोकी वळली.

"मी रेगिना ज्युबा," मी म्हटलं. "प्रकाशनातून आले आहे. यांनी योग्य तीच फाइल पाठवली होती. नंतर प्रकाशनाकडून चूक झाली."

बोलल्याबरोबर माझंच मला ऐकू आलं. चूक झाली. चौतीस वर्षं मी सरकारी अहवालांमधून असली वाक्यं लाल पेन्सिलीने गोल करत आले आहे. कर्ता कुठे आहे, असं समासात लिहीत आले आहे.

"कुणाकडून?" नेलाने विचारलं. तिने उद्धटपणा केला नाही. तिला खरंच नाव हवं होतं. हातात पेन्सिल होती.

"माझ्याकडून. मी मुद्रितशोधक आहे. मला वाटलं यांना व्याकरण येत नाही. अकराशे सत्तावीस जागी यांनी 'गेलो' लिहिलं होतं, मी 'गेले' केलं. मी चुकले."

यूलिताबाईंनी काढ्याचा डाव बरणीत तसाच सोडून दिला. कलिना माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग यायचा होता, अजून पोचला नव्हता.

"पण अकरावं पान," ती सावकाश म्हणाली. "तिथे सगळं लिहिलंय. ते तुम्ही वाचलं नव्हतं का?"

ही पळवाट होती आणि ती तिनेच माझ्यासाठी उघडून धरली होती. नव्हतं वाचलं, असं म्हटलं असतं तर मी एक म्हातारी, डोळे गेलेली, निष्काळजी बाई ठरले असते. लोक अशा बायकांना केक देतात.

"वाचलं होतं," मी म्हटलं. "फाइल जायच्या आधी दीड तास. मला सगळं कळलं होतं. उठून सांगायचं होतं एवढंच. मी गप्प राहिले."

आता राग पोचला. तिचे कान लाल झाले. ती ओरडेल असं मला वाटलं, आणि तिने ओरडावं असं वाटलं. तिने टेबलावरची आपली प्रत उचलली, रांगांमधून माझ्यापर्यंत आली आणि ती माझ्या हातात दिली. मग नेलाच्या हातातली पेन्सिल मागून घेतली आणि तीही दिली.

"बसा," ती म्हणाली. "यांना अजून मतं द्यायची आहेत. ही एक प्रत तरी बरोबर हवी. बाराव्या पानापासून सुरू करा. आणि या वेळी पुढून."

"किती वेळ लागेल?" मागून एका मुलीने विचारलं.

"वेळ लागला तर लागला," नेला म्हणाली. "मी थांबते. माझ्या प्रतीत पण करा."

मी बसले. केकची बशी कुणीतरी हातातून काढून घेतली. बाराव्या पानावर वेरा पहिल्यांदा शाळेत जाते, दप्तराचा पट्टा तुटलेला, तोंडात सकाळपासून घोकलेला तो एकच शेवट. पहिल्या ओळीत 'गेले' होतं. मी ते खोडून वर 'गेलो' लिहिलं. मग दुसरी ओळ वाचली, आणि तिसरी, आणि पुढे काय होतं ते बघायला पान उलटलं.